शेवटच्या शर्यतीनंतरची वर्षं कुणाच्या खर्चाने? ब्रिटनच्या क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

माननीय संस्कृती, माध्यम व क्रीडा मंत्री,
युनायटेड किंगडम

स. न. वि. वि.

ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये नुकताच जाऊन आलो. तिथे काचेमागे मिक द मिलर उभा आहे, शर्यतीत पळणारा प्रसिद्ध ग्रेहाउंड. हा कुत्रा १९३९ साली गेला. पेंढा भरलेला त्याचा देह बघायला आजही माणसं थांबतात, मुलं काचेला नाक लावतात. मीही बराच वेळ उभा राहिलो.

मिक जन्मला १९२६ साली, आयर्लंडमधल्या किली गावात, फादर मार्टिन ब्रॉफी या धर्मगुरूंकडे. विणीतलं सगळ्यात किरकोळ पिल्लू. त्यात डिस्टेंपर हा जीवघेणा आजार झाला आणि मरता मरता वाचला. १९२९ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर डर्बीसाठी, म्हणजे ग्रेहाउंडच्या सगळ्यात मानाच्या शर्यतीसाठी, उतरला आणि ५२५ यार्डांचं अंतर २९.८२ सेकंदांत तोडलं. तीस सेकंदांच्या आत ते तोवर कुठल्याच कुत्र्याला जमलं नव्हतं. फादरनी तो ८०० गिनींना (गिनी म्हणजे पौंडाहून थोडी जास्त) विकला, आणि पुढच्या सौद्यात किंमत २००० गिनींवर गेली. ती डर्बी त्याने जिंकली, १९३० चीही जिंकली, त्याच वर्षी सलग एकोणीस शर्यती मारल्या. १९३१ च्या अंतिम शर्यतीतही तोच पहिला आला होता. पण ती शर्यत रद्द ठरवली आणि दमलेल्या कुत्र्यांना पुन्हा पळवलं. मिक चौथा आला. हे वाचताना मला आजही चीड येते. त्याच वर्षी वेम्बलीला ७०० यार्डांची सेंट लेजर ही मोठी शर्यत जिंकून तो निवृत्त झाला, नंतर सिनेमातही झळकला.

म्हणजे या कुत्र्याचं जन्मापासून मरणापर्यंत आणि मरणानंतरही काय झालं, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता माझ्या घरातल्या काजळबद्दल सांगतो. काळीभोर, अठ्ठावीस किलोंची ग्रेहाउंड मादी. दोन्ही कानांच्या आत हिरव्या शाईने गोंदलेली अक्षरं आहेत, म्हणजे जन्म आयर्लंडचा. त्या अक्षरांवरून मी तिच्या शर्यतींची नोंद शोधून काढली. प्रत्येक शर्यतीचं सारं काही तिथे आहे: पिंजऱ्याचा क्रमांक, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतची वेळ, पहिल्या वळणावर कुणी रेटलं, कुठे अडली. शेवटच्या ओळीत एवढंच: लंगडत आली. त्यापुढे पान कोरं. तेव्हा तिला तीन वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

सहा कुत्रे एकदम सुटतात, सगळे पहिल्या वळणाकडे झेपावतात आणि पळतात ते कायम डाव्या हाताला वळत. त्या वळणांवर सगळा भार मागच्या उजव्या पायाच्या घोट्यावर येतो. तिथली छोटी हाडं आधी झिजतात, मग एक दिवस मोडतात. काजळचं तेच झालं. त्या जागी आजही सुपारीएवढी गाठ हाताला लागते. थंडीत मी ती शेकतो, तेव्हा ती डोळे मिटून घेते.

घरी आली त्या रात्री ती जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली. पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. जिना तिने जन्मात पाहिला नव्हता. आठवडाभर मी तिला उचलून वर नेत होतो.

मंत्रिमहोदय, ग्रेहाउंड बारा-तेरा वर्षं सहज जगतो, आणि पळतो फार तर चार-पाच वर्षांचा होईपर्यंत. बाकीची वर्षं त्याने कुणाच्या जिवावर काढायची? २०२० मध्ये या खेळाच्या नियामक मंडळाने प्रत्येक कुत्र्यामागे ४०० पौंडांची निवृत्ती-ठेव सुरू केली, निम्मी मालकाची, निम्मी मंडळाची. हे पाऊल चांगलंच होतं आणि ते मान्य करायला मला जड जात नाही. पण मोडलेल्या घोट्यावर शस्त्रक्रिया, औषधं आणि पुढची सात-आठ वर्षं एवढ्यात भागत नाहीत. उरलेला भार धर्मादाय संस्था आणि आमच्यासारखी घरं उचलतात. आम्ही तो आनंदाने उचलतो, पण ज्यांनी या पायांवर पैसा लावून घेतला ते कुठे आहेत?

घोड्यांच्या शर्यतींवर पैज घेणाऱ्या बुकमेकरला १९६१ च्या कायद्यापासून अधिभार भरावा लागतो. आज पाच लाख पौंडांवरच्या ढोबळ नफ्यावर तो १० टक्के आहे, आणि तो सक्तीचा आहे. कुत्र्यांच्या शर्यतींसाठी बुकमेकर उलाढालीच्या ०.६ टक्के देतात, तेही स्वेच्छेने. ज्याला द्यायचे नसतील त्याने दिले नाहीत तरी कायदा त्याला विचारत नाही. काम संपलं की गरज सरो, वैद्य मरो.

न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये या शर्यती बंद करण्याची घोषणा केली. वेल्सच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच निर्णय जाहीर केला. इंग्लंडमध्ये बंदीचा विचार नाही, असं तुमच्या सरकारने त्याच सुमारास सांगितलं. नियामक मंडळाच्याच आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये १२३ कुत्रे ट्रॅकवर मेले. माझ्या मनाने विचाराल तर मी बंदीच मागेन. पण खेळ चालू ठेवायचा हे तुमचं ठरलं असेल, तर त्याची किंमतही तुम्हीच वसूल करून द्यायला हवी.

म्हणून मागणी एकच. कुत्र्यांच्या शर्यतींवरचा अधिभार घोड्यांसारखा कायद्याने सक्तीचा करा, आणि त्यातला ठरावीक वाटा शर्यती संपलेल्या कुत्र्यांच्या उपचारांसाठी व सांभाळासाठी राखून ठेवा. तो वाटा खर्च झाला हे दिसावं म्हणून प्रत्येक कुत्र्याची नोंद शेवटच्या शर्यतीपाशी थांबवू नका. तो कुठे गेला, कुणाकडे राहिला, कधी आणि कशाने गेला, हे कानातल्या अक्षरांवरून कुणालाही शोधता यावं.

हे पत्र लिहीत असताना काजळ पायाशी झोपली आहे. झोपेत पाय हलताहेत. आता ती आठ वर्षांची आहे, जिना स्वतः चढते, उतरताना मात्र माझी वाट बघते. तिच्या नोंदीतलं कोरं पान भरायला लागणारी सगळी माहिती माझ्याकडे आहे. ती कुठल्या कार्यालयात पाठवायची, एवढं कळवावं.

आपला,
काजळचा पालक