कबुतरघरांच्या छपरांसाठी : ब्रिटनच्या संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

माननीय संस्कृती मंत्री, युनायटेड किंगडम, यांस,
सविनय नमस्कार.

मी मूळची मुंबईची. कबुतरखाना म्हटले की मला दादरचा, पुण्य म्हणून दाणे टाकण्याचा चौक आठवतो. इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर इथल्या जहागिरींतली जुनी कबुतरघरे पाहिली आणि त्यांचा व्यवहार अगदी वेगळा असल्याचे कळले. हेरफर्डशायरमधल्या गार्वे येथील गोल दगडी कबुतरघर 1326 सालचे आहे आणि त्याच्या भिंतींत कबुतरांच्या घरट्यांसाठी 666 कोनाडे आहेत; बेडफर्डशायरमधल्या विलिंग्टनला सोळाव्या शतकात सर जॉन गॉस्टविक यांनी बांधलेल्या कबुतरघरात ते सुमारे 1,500 आहेत. अजून उडू न लागलेली, चारेक आठवड्यांची पिल्ले मालकाच्या पानात पडत. विष्ठा खताला, कातडी कमवायला आणि बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढायला जाई. कबुतरे मात्र चरत कुळांच्या पिकांवर, आणि त्यांना मारण्याची कुळांना मुभा नसे. फ्रान्समध्ये हा राग इतका साचला होता, की ऑगस्ट 1789 मध्ये सरंजामी हक्क मोडीत काढताना कबुतरघराचा हक्क नावानिशी रद्द करावा लागला. कोणाच्या शेतावर कोणाचे पान वाढले जात होते, याचा इतका उघड पुरावा दुसऱ्या कोणत्याही इमारतीत मला दिसलेला नाही.

गेल्या महिन्यात, मालकाच्या परवानगीने, शेतातले एक कबुतरघर आतून पाहिले. मधोमध उभा खांब, त्याला आडव्या दांड्यांवर टांगलेली शिडी. एका हाताने ढकलली तर ती आवाज न करता भिंतीलगत फिरली, म्हणजे खाली न उतरता सगळे कोनाडे हाताशी येतात. वर मात्र कौले सरकली होती आणि पाणी खांबाच्या बुंध्याशी झिरपत होते. तिथल्या लाकडात माझे नख सहज रुतले.

ही इमारत संरक्षित यादीत आहे. पण यादीत नाव आले म्हणून मालकावर नित्य डागडुजीचे बंधन कायद्याने येत नाही. धान्याच्या कोठाराचे घर करता येते, कोनाड्यांनी पोखरलेल्या भिंतींचे काय करणार? उत्पन्न नाही, म्हणून खर्चही होत नाही. तेव्हा अशा इमारतींच्या फक्त छपरांसाठी वेगळे छोटे अनुदान ठेवावे, ते खासगी मालकांनाही मिळावे, आणि त्या बदल्यात वर्षातले काही दिवस लोकांना आत जाऊ द्यावे. स्थानिक प्रशासनाला दुरुस्तीची नोटीस देण्याचा अधिकार आज आहेच. तो छप्पर कोसळण्याआधी वापरावा, अशी स्पष्ट सूचना आपल्या खात्याकडून जावी. कौले बसवायला कोरडे दिवस लागतात, म्हणून निर्णय या उन्हाळ्यातच व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक मराठी रहिवासी