प्रबंधासोबत कोडही तपासा

मा. संपादक,

हवामान, रसायनशास्त्र, खगोलशास्त्र या विषयांतले पुण्यातले बरेच संशोधन आज पायथन या संगणकीय भाषेतल्या स्क्रिप्टवर, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमवर, उभे आहे. तोंडी परीक्षेत उपकरणाच्या कॅलिब्रेशनबद्दल विचारतात. स्क्रिप्ट कोणी तपासली, हे सहसा कोणी विचारत नाही.

एनएमआर या रेणूची रचना ओळखण्याच्या तंत्रातली केमिकल शिफ्ट (अणूच्या संकेताचे स्थान) काढणारी एक स्क्रिप्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. फायलींची यादी देणारे पायथनचे 'ग्लॉब' क्रमाची हमी देत नाही, आणि स्क्रिप्टने तो गृहीत धरला होता. त्यामुळे त्याच फायलींची उत्तरे वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगवेगळी येत. एरर एकही नाही! यादी 'सॉर्ट' केली की काम झाले असते. चूक उजेडात आली २०१९ मध्ये.

आपल्याकडचा सापळा पावसाचा. हवामान विभागाच्या ग्रिड डेटात (नकाशाच्या चौकटीनिहाय आकड्यांत) नसलेल्या नोंदीच्या जागी उणे ९९९ असते. अशी एक नोंद न गाळता बेरीज केली, तर १७०० मिमीऐवजी ७०१ येतात आणि पुणेकराला आकडा ओळखीचाच वाटतो. म्हणून पाच ओळींची चाचणी फाइल ठेवावी: १०, ०, २०, उणे ९९९, १०. सरासरी १० यायला हवी, उणे १९१.८ आली तर कोड चुकला. कोड बदलला की ही चाचणी पुन्हा चालवायची. दशांश उत्तरे मात्र तंतोतंत जुळवू नयेत, थोडी सूट ठेवावी, संगणकात ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाही.

कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत हवा, 'फायनल_नवीन_२' अशा फायलींत नव्हे. शोधनिबंध पाठवला त्या दिवशीच्या आवृत्तीला टॅग (नावाची खूण) लावावा. मोठा डेटा मात्र गिटबाहेर: एकदा कमिट झालेली (नोंदवलेली) दोन जीबीची फाइल नंतर डिलीट केली तरी इतिहासात राहतेच. पासवर्डचेही तसेच. लायब्ऱ्यांची (वापरलेल्या तयार कोडसंचांची) नुसती नावे पुरत नाहीत, पायथनच्या 'पिप फ्रीझ' या आज्ञेने आवृत्त्यांसकट यादी काढून ठेवावी.

मार्गदर्शकांना एक विनंती. सही करण्यापूर्वी दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याला त्याच्या लॅपटॉपवर, फक्त रीडमी (कोडसोबतची सूचनांची फाइल) वाचून, प्रबंधातला एक आलेख काढायला सांगावा. अर्धा दिवस द्यावा. बहुधा पहिल्याच ओळीत फक्त मूळ लेखकाच्या संगणकावरच चालणारा फाइलचा पत्ता सापडेल.

– संशोधन-संगणनातील काही वाचक, पाषाण, पुणे