रोमहून, ताईच्या दाव्याबद्दल

प्रिय बंड्या,

वर्षभर तुला पत्र नाही, फोन नाही. तब्येत ठीक आहे, साखर आटोक्यात. सध्या लेकीकडे रोमला आहे.

काल फोरममध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या चौकात, बॅसिलिका युलिया या प्राचीन न्यायसभागृहाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. उरलंय फार थोडं : शंभरेक मीटर लांब फरशी आणि खांबांची बुडं. पण दगडात खेळाचे पट कोरलेले आहेत, अगदी आपण बाररूमच्या बाकावर कंपासनं वाघबकरी कोरली होती तसे! सीझरनं बांधायला घेतलेली, ऑगस्टसनं पुरी केलेली ही इमारत. सराफ, अशील, बघे, सगळे एका छपराखाली. वारसाहक्काचे दावे इथंच चालायचे, एकाच वेळी चार पीठांपुढे. ट्राकालस नावाच्या वकिलाचा आवाज एकदा चारही पीठांना ऐकू गेला आणि चारही पीठांकडून वाहवा मिळाली. तुझ्या उलटतपासणीनं शेजारच्या कोर्टातले जज्ज दार लावून घ्यायचे, ते आठवलं. ‘आवाजानं खटला जिंकत नाहीत’ यावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता. तो वाद मी आजही सोडलेला नाही.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. धाकटा प्लिनी या रोमन वकील-लेखकानं इथं आटिया विरिओला नावाच्या बाईची बाजू मांडली. ऐंशी वर्षांच्या बापानं सावत्र आई घरात आणली आणि अकरा दिवसांत लेकीला वारसातून काढलं. चारही पीठं एकत्र बसली, १८० न्यायाधीश. वरच्या सज्जांतून बायका-पुरुष ओणवे होऊन बघत होते. दोन पीठांपुढे जिंकले, दोनांपुढे हरले.

बंड्या, अण्णांनी ताईला वगळलं त्या मृत्युपत्राचा मसुदा माझ्या हातचा आहे. लाभ मला आणि धाकट्या भावाला. कोर्टात याचा अर्थ काय होतो, ते तुला सांगायला नको. तेव्हा अण्णांना एका शब्दानं विचारलं नाही मी. आता माझा हिस्सा देऊ केला, तर ताई म्हणाली, “तुझी भीक नको. अण्णांनी मला का वगळलं, ते चार लोकांसमोर बोललं जाऊ दे.” धाकटा अडून बसलाय. त्या पायऱ्यांवर मला सारखी ताईच दिसत होती, वर सज्जात नव्हे, खाली, उभी.

तुझं घराचं काम उरकलं का? वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

ताईचं वकीलपत्र तू घे. मला पिंजऱ्यात बोलावशील तेव्हा मसुद्याची तारीख आधी विचार. मी खरं तेच सांगेन.

तुझाच,
दादा