सोनोग्राफीचे मशीन कॅज्युअल्टीत हवे, कुलपात नको

महोदय,

नाशिकच्या एका रुग्णालयात मी अनेक वर्षे परिचारिका होते. पावसाळ्यातली एक रात्रपाळी अजून विसरले नाही. विल्होळीजवळ मोटारसायकल घसरलेला पोरगा आणला होता, प्लीहा फाटून पोटात रक्तस्राव सुरू. हात गारठलेले, शिरा साऱ्या मिटलेल्या. पट्टा बांधला, हात चोळले, दोन्हीकडे सहा-सात ठिकाणी टोचले. एकही सुई शिरेत जाईना. सलाइन स्टँडला टांगलेले, पण आत जायला वाट नाही! अखेर सर्जननी घोट्यापाशी छेद देऊन शीर उघडली, तेव्हा कुठे थेंब सुरू झाले. पोरगा वाचला. पण त्या सगळ्या वेळात सोनोग्राफीचे मशीन समोरच्याच खोलीत कुलपात होते.

अशा रुग्णाची शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. सोनोग्राफीत मात्र दंडाच्या आतल्या बाजूची खोल शीरही सापडते. प्रोब (मशीनचा त्वचेवर टेकवायचा भाग) हलकेच दाबला की शीर मिटते. धमनी सहजी मिटत नाही, उडत राहते. सुईचे टोक पांढऱ्या ठिपक्यासारखे आत शिरताना पडद्यावर दिसते. (सुई लांब घ्यावी, आखूड असली तर खोल शिरेतून निसटते आणि हात सुजतो.) मानेतल्या मोठ्या शिरेला तर धमनी खेटून असते, खाली फुप्फुसाचे टोक. तिथे अंदाजाने टोचणे धोक्याचे. उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने या शिरेसाठी सोनोग्राफी वापरण्याची शिफारस २००२ मध्येच केली आहे.

मशीन कुलपात राहण्यामागे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा धाकही असतो. तो कायदा हवाच, नोंदणीत तसूभरही सूट नको. पण रुग्णालयाच्या नावावर नोंदलेले मशीन त्याच इमारतीतल्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता कोण, कसे नेणार, हे व्यवस्थापनाने आधीच लेखी ठरवून ठेवावे. किल्ली कोणाकडे, हे शोधण्यात रुग्णाची मिनिटे जाऊ नयेत.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात आहे आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. जिलेटिनच्या वडीत रबरी नळी घालूनही सुईचा सराव होतो. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांना हे प्रशिक्षण सिंहस्थाआधी मिळावे, एवढी विद्यापीठाला आणि आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

— एक निवृत्त परिचारिका, पंचवटी, नाशिक