चाक दुभाजकावर आदळल्यावर आधी काय तपासावे?

संपादक महोदय,

पावसात पाण्याखालचा दुभाजक दिसत नाही, चाक आदळते. टायर फुटला नाही ना, एवढेच पाहून अनेकजण थेट अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, गाडी नेतात. हा क्रम उलटा आहे. लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा भाग) वाकलेला असेल तर टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेले असण्याचा कोन) जुळवता येतो, कॅम्बर (समोरून पाहता चाक कललेले असण्याचा कोन) नाही; बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर बदलण्याची सोयच नसते. मग टायर एका कडेने झिजत राहतो.

आधी टायरची आतली बाजूही बघा. फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेत, तो टायर बदलायचाच. सपाट जागी स्टिअरिंग सरळ ठेवून चाक आणि मडगार्ड यांतले पुढचे-मागचे अंतर दोन्हीकडे मोजा. ठळक फरक असल्यास आर्म, स्ट्रट (स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बरचा खांब) किंवा सबफ्रेम (हे भाग ज्यावर बसतात ती चौकट) हललेली असू शकते. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. चाक वर-खाली धरून हलवताना खेळ (ढिलेपणा) लागला तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा चाकाचे बेअरिंग खराब, डावी-उजवीकडे धरून हलवताना लागला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे, म्हणजे टाय रॉडचे, टोक).

काही ठिकाणी वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करून देतात. कृपया ते कधीही स्वीकारू नका! तापवलेले पोलाद कमजोर होते, आणि तो रॉड तुटला की चाकावर ताबाच राहत नाही.

– एक मेकॅनिक, कोल्हापूर