‘बघतो’ म्हणजे नेमकं कधी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कानाला खटकणाऱ्या शब्दांविषयी आपल्या अंकात येणारी पत्रं मी आवर्जून वाचते. त्यांतला बहुतेक राग ठरावीक मंडळींवर निघतो. ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’शिवाय वाक्य सुरू न करणारी तरुण पोरं, ‘माझी मदत कर’ म्हणणारे, ‘म्हणाला’ला रजा देऊन सगळीकडे ‘बोलला’ वापरणारे. ‘माझी मदत कर’ मलाही खुपतं. मराठीत मदत ‘मला’ करायची असते, आणि ‘तो बोलला की उद्या येतो’ हे वाक्य हिंदीतून जसंच्या तसं उचललंय हे कळायला व्याकरणकार लागत नाही. पण त्यात कुणाचं काही बिघडत नाही हो! मदत हवी आहे हे समजतं, उद्या येणार हेही समजतं. माझा राग आहे तो अस्सल मराठी, व्याकरणात चोख बसणाऱ्या आणि तरीही ऐकणाऱ्याला हातोहात फसवणाऱ्या बोलण्यावर.

त्याआधी ‘म्हणजे’, ‘आपलं ते हे’, ‘काय म्हणतात त्याला’ या बिचाऱ्यांची बाजू घेते. यांना पालुपद म्हणून हिणवतात, पण ती कामाची माणसं आहेत. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या अभ्यासकांनी २००२ साली इंग्रजी बोलण्यातल्या ‘अ’ आणि ‘अम्’ या अडखळण्यांचा अभ्यास मांडला. छोटा थांबा यायचा असेल तर बोलणारा ‘अ’ करतो, मोठा असेल तर ‘अम्’. म्हणजे तो ऐकणाऱ्याला कळवत असतो की थांबा, माझं वाक्य अजून संपलेलं नाही. आपलं ‘आपलं ते हे’ मला त्याच जातीचं वाटतं. त्यामागे माणूस खरोखर शब्द शोधत असतो.

शिवाय एकदा एखादा शब्द डोक्यात बसला की तो जिथेतिथे ऐकू येतो, आणि आपल्याला वाटतं हे सगळं आत्ताच सुरू झालंय. अर्नोल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञाने २००५ मध्ये या दोन्ही भ्रमांना नावं देऊन ठेवली आहेत. ‘हल्लीच्या पिढीने भाषा बिघडवली’ या धर्तीच्या पत्रांपैकी निम्मी तरी या भ्रमातून लिहिली जातात, असा माझा संशय आहे.

इंग्रजीवाल्यांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेतलं लेक सुपीरियर स्टेट विद्यापीठ १९७६ पासून दर नववर्षाला हद्दपार करण्याजोग्या शब्दांची यादी काढतं. शब्द जागचे हलत नाहीत, यादी मात्र नेमाने निघते. तिकडच्या मारिस्ट या संस्थेने २००९ साली लोकांना विचारलं की बोलण्यातला सर्वांत वैताग आणणारा शब्द कोणता. पहिला नंबर ‘व्हॉटएव्हर’चा आला, आणि पुढेही अनेक वर्षं तो तिथेच ठाण मांडून बसला. मला हा निकाल फार बोलका वाटतो. ‘व्हॉटएव्हर’ काही कानाला कर्कश नाही. तो म्हणणारा समोरच्याच्या तोंडावर दार लावून घेतो, म्हणून तो झोंबतो. आपल्याकडे घराघरांत हेच काम ‘तू म्हणशील तसं’ करतं, तेही वरकरणी किती नम्र!

तर आता ‘बघतो’. ‘बघतो’, ‘बघू’, ‘करून टाकू’, ‘होऊन जाईल’. ‘नाही’ म्हटलं तर माणूस दुसरीकडे जाईल, सोय बघेल. ‘हो’ म्हटलं तर करावं लागेल. ‘बघतो’मध्ये यांतलं काहीच होत नाही. विचारणारा आशेवर लटकत राहतो आणि बोलणारा मोकळा. त्यातही ‘होऊन जाईल’ सर्वांत बेरकी. मराठीत तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, पाडणे-पडणे अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत आणि आपण लहानपणापासून त्यांतलं सोयीचं क्रियापद निवडायला शिकतो. कप कुणीही फोडत नाही, तो फुटतो. निरोप द्यायचा कुणी विसरत नाही, तो ‘राहून जातो’. पाच वर्षांच्या मुलाने असं म्हटलं तर कौतुकाने हसावं. पन्नाशीतल्या माणसाने म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं.

हे मला इतकं का लागतं तेही सांगते. एका संस्थेत सभांची इतिवृत्तं लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. छताच्या गळतीचा विषय दर सभेला यायचा. चांगली तासभर चर्चा व्हायची, आवाज चढायचे, आणि शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळून सांगायचे, ‘हं, लिहा: सदर बाब गांभीर्याने घेण्यात आली असून याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी, असे सर्वानुमते ठरविण्यात आले.’ मी विचारायची, ‘कार्यवाही कोण करणार, ते लिहू का?’ सगळे एकमेकांकडे बघायचे. मग कुणीतरी म्हणायचं, ‘अहो बाई, ते होऊन जाईल. तुम्ही एवढंच लिहा.’ पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम व्हायचं आणि खुर्च्या ओल्या जागेपासून थोड्या आणखी सरकवल्या जायच्या.

शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना ‘रामाकडून रावण मारला गेला’ हे वाक्य द्यायचे. त्यात निदान ‘रामाकडून’ तरी असतं. सभेत, अर्जाच्या उत्तरात, फलकावर येताना तेवढंच नेमकं गळून पडतं. ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.’ कुणी घेतली? ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ दिलगिरीच्या वेळी अनेकवचनी असलेली ही मंडळी, जाब विचारायला गेलं की एकही जागेवर नसतात.

दिलगिरीवरून आठवलं. ‘माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ या वाक्यातला ‘तर’ मला फार खुपतो. दुखावल्या आहेत हे दिसत असतं, म्हणून तर माफी मागायची वेळ आलेली असते. तरीही हा गृहस्थ ते शक्यतेच्या कोटीत ठेवतो. शिवाय ‘भावना दुखावल्या’ म्हटलं की दोष बोलण्यातून निघून हळव्या कानांवर जातो. ‘मी चुकीचं बोललो’ हे तीन शब्दांचं वाक्य भाषेत केव्हापासून पडून आहे. ते का वापरत नाहीत हे उघडच आहे.

‘राग मानू नका, पण’ हीही त्याच घरची. टोमणा मारणारा तो, आणि राग न मानण्याची जबाबदारी आपली! ‘मी बाबा स्पष्ट बोलणारा माणूस’ असं सांगणाऱ्यांबद्दल न लिहिलेलंच बरं. त्यांतला एकही जण स्वतःबद्दल स्पष्ट बोलताना मी ऐकलेला नाही. फोनवरच्या ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ची पुरेशी चेष्टा झालेली आहे, तेव्हा तेही सोडून देते.

एका वाक्यावर मात्र थोडं थांबते, कारण ते म्हणणारे बहुधा मनाने चांगले असतात. घरात आजारपण असतं किंवा कुणी गेलेलं असतं, आणि येणारा प्रत्येक जण निघताना म्हणतो, ‘काही लागलं तर सांगा हं.’ ज्याच्या घरी हे चाललेलं असतं त्याला काय लागेल ते सुचण्याइतकं भान असतं का? आणि सुचलं तरी मागायला तोंड उघडत नाही. अर्ध्या रात्री फोन करून ‘तुम्ही म्हणाला होता ना’ असं आपण कुणाला विचारणार? माझ्या बहिणीच्या आजारपणात असे पुष्कळ जण येऊन हे म्हणून गेले. शेजारची एक मुलगी मात्र म्हणाली, ‘उद्या सकाळी आठ ते बारा दवाखान्यात मी बसते, तुम्ही घरी जाऊन झोपा.’ तिने काही विचारलंच नाही. आठला पाच मिनिटं असताना ती पुस्तक घेऊन हजर होती. तिच्या बोलण्यात ‘ॲक्च्युअली’ दर वाक्याला एक असतो, आणि मला तो आता ऐकूही येत नाही.

राहता राहिलं आपलं वर्तमानपत्र. ‘एकच खळबळ’ उडते, दोन कधी उडत नाहीत, ही गंमत म्हणून सोडून देऊ. ‘युद्धपातळीवर’ चालणारी कामं वर्षानुवर्षं रखडतात, तेही एक वेळ सोडू. पण ‘कुणाचीही गय केली जाणार नाही’, ‘सखोल चौकशी करण्यात येईल’, ‘लवकरच निर्णय घेण्यात येईल’ ही वाक्यं आपण आलेल्या पत्रकातून जशीच्या तशी छापता, आणि ती बातमी होऊन आमच्यापर्यंत येतात. वास्तविक त्यात घडलेलं काहीच नसतं.

तेव्हा एवढंच करून बघावं. असं वाक्य छापायची वेळ आली की आपल्या वार्ताहराने संबंधितांना दोन प्रश्न विचारावेत: कोण करणार आणि कधीपर्यंत. उत्तर मिळालं तर बातमीत द्यावं. नाही मिळालं तर ‘विचारूनही नाव आणि तारीख सांगितली नाही’ अशी ओळ त्याच बातमीत, त्याच टायपात छापावी. आपण हे कराल का, हे याच स्तंभात कळवलंत तर बरं होईल. फक्त ‘सूचनेचा विचार करण्यात येईल’ असं कृपया लिहू नये.

कळावे,
आपली एक नियमित वाचक