ऑनलाइन शिकणाऱ्याला घरात वेळ द्या

महोदय,
रामबागेतल्या आमच्या ओळखीची बरीच मुलं ‘घरबसल्या होईल’ म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घालतात. माझी सून नोकरी सांभाळून एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा 12 आठवड्यांचा अभ्यासक्रम करते आहे, म्हणून कळकळीने लिहिते. नावनोंदणी मोफत, परीक्षेचं शुल्क मात्र वेगळं. दर आठवड्याला स्वाध्याय असतो आणि मुदत टळली की टळलीच. स्वाध्यायांना 25 गुण, उरलेले 75 केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला. व्हिडिओ नुसता ऐकून भागत नाही. सूनबाई रात्री वही घेऊन बसते, तेच तेच पुन्हा लावते. त्या वेळी तिला कुणी हाक मारलेली मला चालत नाही. पूर्ण पदवीच ऑनलाइन घ्यायची असेल, तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही तपासा.

— एक वाचक, इंदूर